वर्तुळाचे वाटे



ह्या व्यासपीठावरून शिवकालाविषयी बोलणारे आले, संतवाङ्मयाविषयी बोलणारे आले, ग्रहगोलांविषयी बोलणारेही आले. मी मात्र आज एका साध्या आकृतीचा इतिहास सांगावयास उभा आहे. चिटणीसांनी फोनवरून विषय विचारला तेव्हा मी 'पाय चार्ट' असे म्हणालो. पलीकडे क्षणभर शांतता पसरली आणि मग प्रश्न आला, "कुणाचे पाय?" तेव्हा आधी खुलासा करतो. ह्या पायाचा चरणांशी काही संबंध नाही. 'पाय' हा विलायतेतील एक खाण्याचा पदार्थ आहे. खाली-वर पिठाची पारी, आत फळांचे किंवा मांसाचे सारण, आणि भट्टीत भाजलेला वाटोळा आकार. मध्यापासून कडेपर्यंत सुरी चालवून त्याचे वाटे करतात. त्याच वाट्यांसारखी दिसते म्हणून ह्या आकृतीला ते नाव पडले. फ्रेंच माणसाला पायपेक्षा चीज जवळचे, म्हणून तो तिला 'कामांबेर' म्हणतो. आपल्या शाळांच्या गणितात तिला 'वृत्तालेख' म्हणतात आणि भूगोलात 'विभाजित वर्तुळ'. मला हे शेवटचे नाव सर्वांत पसंत आहे. आधी वर्तुळ आणि मग विभाजन, हा क्रम त्या नावातच आलेला आहे, आणि माझे आजचे सारे बोलणे त्या क्रमाविषयीच आहे.

हा विषय मला सुचला तो माझ्याच एका फजितीतून. आमच्या गावातील एका लहान वाचनालयाच्या वार्षिक सभेसाठी जमाखर्च सोपा करून दाखवावा, असे काम माझ्याकडे आले. खर्चाच्या बाबी अवघ्या चार. दोन सेवकांचे वेतन ५४ हजार, पुस्तके ३६ हजार, दिवाबत्ती व दुरुस्ती १८ हजार, आणि नियतकालिके १२ हजार. संगणकावर एक्सेल उघडले, आकडे घातले, खाली बेरीज घेतली, सगळे एकदम निवडले आणि एक कळ दाबली. क्षणात रंगीत वर्तुळ तयार! मी ते छापून सभेत फलकावर लावले. पहिल्या रांगेतल्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी चष्मा सारखा केला, आकृती पाहिली आणि विचारले, "हा 'एकूण' नावाचा खर्च कोणी केला? अर्धे पैसे त्यालाच गेलेले दिसतात!"

सभा हसली. मीही हसलो, दुसरे करणार काय? बेरजेची ओळसुद्धा मी निवडीत घेतली होती, आणि यंत्राने तिला पाचवी बाब समजून वर्तुळात बसवली होती. एकूण म्हणजे बाकी सर्वांची बेरीज, तेव्हा तिचा वाटा नेमका अर्धा येणार हे गणितानेच ठरलेले. चूक माझी होती. पण घरी परतताना मनात आले की, दोनशे वर्षांपूर्वी ज्याने हे वर्तुळ पहिल्यांदा कापले त्याच्या हातून ही चूक झाली नसती. हुशारीचा प्रश्न नाही; त्याला वर्तुळ हाताने काढावे लागत होते, आणि काढण्यापूर्वी ते कशाचे हे ठरवावे लागत होते.

त्या माणसाचे नाव विल्यम प्लेफेअर. जन्म १७५९ साली, स्कॉटलंडमध्ये डंडी शहराजवळ. वडील धर्मोपदेशक होते. ते विल्यम लहान असतानाच वारले. थोरला भाऊ जॉन पुढे नामांकित गणिती व भूगर्भशास्त्रज्ञ झाला. त्या भावाने धाकट्याला एक सवय लावली होती. रोजच्या उष्णतामापकाची नोंद ठेवायची आणि ती नुसत्या आकड्यांत न ठेवता कागदावर रेषेने काढायची. जे आकड्यांत सांगता येते ते रेषांनीही दाखवता येते, हा धडा आपल्याला भावाकडून मिळाला, असे विल्यमने पुढे कृतज्ञतेने नमूद करून ठेवले आहे. मळणीयंत्राबद्दल प्रसिद्ध असलेल्या अँड्र्यू मीकल ह्याच्याकडे त्याने उमेदवारी केली आणि १७७७ साली तो बर्मिंगहॅमला वाफेच्या यंत्राच्या जेम्स वॉटकडे आराखडे काढणारा मदतनीस म्हणून लागला. कंपास, पट्टी, शाई आणि कागद ह्यांत त्याचा हात तयार झाला तो तिथे.

१७८६ साली त्याने इंग्लंडच्या व्यापाराचा एक आलेखसंग्रह प्रसिद्ध केला. त्यात ४४ आकृत्या होत्या. वर्षामागून वर्षे आयात-निर्यात कशी चढली-उतरली ते त्याने रेषांनी दाखविले. स्कॉटलंडपाशी मात्र त्याची अडचण झाली, कारण त्या देशाचे एकाच वर्षाचे आकडे त्याला मिळाले होते आणि एका वर्षाची रेषा काढणार कशी? तेव्हा त्याने प्रत्येक देशासाठी आयातीचा एक आणि निर्यातीचा एक असे आडवे पट्टे काढले. आज ज्याला आपण स्तंभालेख म्हणतो त्याचा हा आरंभ. हाताशी माहिती अपुरी होती म्हणून तो जन्माला आला, ही गोष्ट मला मोठी गमतीची वाटते.

माणूस म्हणून प्लेफेअर काही सरळमार्गी नव्हता. उद्योग काढले, बुडवले; पॅरिसमध्ये राहून क्रांती पाहिली; अमेरिकेतील जमिनी विकण्याच्या एका बदनाम व्यवहारात गुंतला; कर्जापायी तुरुंगही पाहिला; आणि १८२३ साली लंडनमध्ये वारला तो दारिद्र्यातच. विद्वानांनी त्याच्या आकृत्यांकडे बराच काळ पाठच फिरवली. इतक्या बेभरवशाच्या माणसाच्या चित्रांवर विश्वास कोणी ठेवावा, हेही त्याचे एक कारण असावे.

आता १८०१ सालाकडे येऊ. त्या वर्षी प्लेफेअरने एक लहानसे पुस्तक काढले. युरोपातील प्रत्येक राज्याचे सामर्थ्य एका दृष्टिक्षेपात दाखवावे हा त्याचा हेतू. ताम्रपटावर कोरलेल्या आणि हाताने रंगवलेल्या आकृत्या त्यात आहेत. प्रत्येक राज्यासाठी एक वर्तुळ, आणि त्या वर्तुळाचे क्षेत्रफळ राज्याच्या भूमीच्या प्रमाणात. रशियाचे वर्तुळ प्रचंड, लहान राज्यांची वर्तुळे इवलीशी. वर्तुळाच्या डाव्या अंगाला एक उभी रेषा, ती लोकसंख्येची. उजव्या अंगाला दुसरी, ती महसुलाची. ह्या वर्तुळांत एक तुर्की साम्राज्याचे. ते साम्राज्य युरोप, आशिया आणि आफ्रिका अशा तीन खंडांत पसरलेले. त्या तीन भागांची तीन वेगळी वर्तुळे काढावीत तर साम्राज्य एक आहे हे दिसत नाही, आणि एकच काढावे तर ते तीन खंडांत आहे हे दिसत नाही. प्लेफेअरने वर्तुळ एकच ठेवले आणि मध्यापासून कडेपर्यंत रेषा ओढून त्याच्या तीन पाकळ्या केल्या. हिरवी आशियाची, तांबडी युरोपची, पिवळी आफ्रिकेची. आपल्याला ठाऊक असलेला हाच पहिला पाय चार्ट.

तो काढण्यासाठी काय काय करावे लागले असेल ह्याचा जरा विचार करा. क्षेत्रफळ प्रमाणात यावयाचे, तर त्रिज्या नुसती दुप्पट-तिप्पट करून भागत नाही, तिच्यासाठी क्षेत्रफळाचे वर्गमूळ काढावे लागते. चौपट मोठ्या राज्याची त्रिज्या दुप्पटच. मग एकूण भूमीत प्रत्येक खंडाचा हिस्सा किती ते काढून त्याला ३६० अंशांनी गुणावयाचे, कोन मोजावयाचे, तांब्यावर कोरावयाचे, आणि छापलेल्या प्रत्येक प्रतीवर हाताने रंग भरावयाचा. ह्या खटाटोपात सर्वांत पहिला आकडा लागतो तो पूर्णाचा. तो आधी हाती असल्यावाचून कंपास कागदावर टेकवताच येत नाही. शिवाय प्लेफेअरच्या आकृतीत तो पूर्ण आकडा नाहीसा होत नव्हता. वर्तुळ किती मोठे, ह्यातच तो दिसत होता. तुर्कस्तानचे तीन वाटे पाहणाऱ्याला शेजारी रशियाचे वर्तुळही दिसे.

प्लेफेअरचे सगळेच बरोबर होते असे मात्र नाही. लोकसंख्या आणि महसूल ह्या दोन रेषांची टोके त्याने एका तुटक रेषेने जोडली आणि तिच्या उतारावरून प्रजेवर कराचा भार किती ते कळेल असे मानले. पण त्या दोन रेषांमधले अंतर म्हणजे वर्तुळाचा व्यास. राज्य विस्ताराने मोठे असले की अंतर वाढते आणि उतार आपोआप मंदावतो; मग कर कितीही जाचक असो! आकृतीचा जनकच आपल्या आकृतीने असा फसला.

ह्या पुस्तकाशी आपला एक धागा जुळतो. त्याच्या लांबलचक नावातच असे जोडलेले आहे की, हिंदुस्थानातील राज्यकर्त्या सत्तांचेही असेच दर्शन ह्यात घडविले आहे. वर्ष १८०१. दोनच वर्षांपूर्वी श्रीरंगपट्टण पडून टिपू मारला गेला होता. पुण्यात दुसरा बाजीराव गादीवर होता, नाना फडणीस १८०० साली वारले होते, आणि वसईचा तह १८०२ च्या अखेरच्या दिवशी व्हावयाचा होता. अशा वेळी लंडनमध्ये एक माणूस कंपास घेऊन बसतो आणि आपल्या राज्यांचे सामर्थ्य वर्तुळांत मोजतो, ह्याला केवळ विद्याव्यासंग म्हणून सोडून देणे मला जड जाते. ही आकृती जन्माला आली ती राज्यांची मापे घेण्याच्या काळात. कोणाचे किती आणि कोणाच्या वाट्याला किती, हाच त्या काळाचा प्रश्न होता. पोलंडचे राज्य तर शेजाऱ्यांनी तीन वेळा वाटून घेऊन १७९५ पर्यंत नकाशावरून पुसूनच टाकले होते.

पुढे १८०५ साली प्लेफेअरने अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांविषयीच्या एका फ्रेंच ग्रंथाचे भाषांतर केले आणि त्यात संस्थानांच्या व प्रदेशांच्या क्षेत्रफळाचे एकच मोठे वर्तुळ अनेक पाकळ्यांत वाटून दाखविले. त्यात दोनच वर्षांपूर्वी फ्रान्सकडून विकत घेतलेला लुइझियाना भली मोठी जागा अडवून बसला आहे. आज आपण पाहतो तो पाय चार्ट हुबेहूब असाच.

आमच्याकडे वर्तुळ नव्हते, हे खरे. पण पूर्णाचे वाटे करून बोलण्याची रीत मराठी माणसाला नवी नाही. आमचे वर्तुळ म्हणजे रुपया. सोळा आणे म्हणजे पूर्ण. एका आण्याचे बारा पै. म्हणजे पूर्णाचे १९२ बारीक वाटे. गोष्ट 'सोळा आणे' खरी असे आपण म्हणतो, हिशेब 'पै-पैचा' ठेवतो. इंग्रजीत ह्या पैची आणि त्या पायची अक्षरे एकच, हा निव्वळ योगायोग. पण तो मला आवडतो. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली आणि आणे-पै बाजारातून गेले. सामाईक जमिनीतल्या भावाभावांच्या हिश्शांत आणि पिकाच्या आणेवारीत मात्र ते पुष्कळ वर्षे टिकले.

ह्या आणेवारीनेच पूर्णाचा प्रश्न किती जिव्हाळ्याचा होऊ शकतो ते दाखवले. खेडा जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता. १९१७ च्या अतिवृष्टीने तिथली पिके गेली. नियम असा की, पीक चार आणे किंवा त्याहून कमी असेल तर त्या वर्षाचा सारा पूर्ण तहकूब करण्याची मागणी शेतकऱ्याला करता येते. सरकारी अधिकारी म्हणत, पीक चार आण्यांच्या वर आहे. शेतकरी म्हणत, चार आण्यांच्या आत आहे. अमृतलाल ठक्कर ह्यांनी स्वतः फिरून चौकशी केली, आणि १९१८ साली गांधीजींनी सत्याग्रह मांडला. वाद चार आण्यांचा दिसतो. पण चार आणे कशाचे? सोळा आणे पीक म्हणजे ह्या जमिनीत किती मण, हे आधी ठरल्यावाचून चार आण्यांना अर्थच नाही. ते ठरविणारा कारकून आणि ते भोगणारा शेतकरी ह्यांचे पूर्ण एक नव्हते. पूर्णाचे माप थोडे लहान धरले की तेच मूठभर धान्य जास्त आण्यांचे होते आणि सारा भरावा लागतो.

असो. वर्तुळाकडे परत येतो. एकोणिसाव्या शतकात त्याला चांगले गुरू लाभले. फ्रान्समध्ये शार्ल मिनार नावाचा स्थापत्यविशारद होता. त्याने १८५८ साली एक नकाशा काढला. कोणत्या प्रांतातून पॅरिसला खाण्यासाठी किती जनावरे जातात, हा विषय. प्रत्येक प्रांतावर एक वर्तुळ ठेवलेले, एकूण मांस जितके तितके ते मोठे. आणि त्याच्या आत बैल, वासरू व मेंढी ह्यांच्या पाकळ्या. पॅरिसच्या जवळपास वर्तुळांची दाटी आहे आणि दूरच्या प्रांतांत ती विरळ होत जातात. प्लेफेअरची शिस्त मिनारने पुढे चालविली. त्याच्याही आकृतीत वर्तुळाचा आकार बोलतो.

त्याच वर्षी फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंची ती प्रसिद्ध आकृती आली. क्रिमियाच्या युद्धात सैनिक शत्रूच्या गोळीने थोडे आणि इस्पितळातल्या घाणीमुळे होणाऱ्या रोगांनी फार मेले, हे त्यांना मंत्र्यांच्या डोळ्यांसमोर ठेवावयाचे होते. पुष्कळ लोक तिलाही पाय चार्ट म्हणतात, पण ती तशी नव्हे. तिच्यात बारा महिन्यांच्या बारा पाकळ्या, सर्वांचा कोन सारखा ३० अंशांचा. मृत्यू जितके जास्त तितकी पाकळी बाहेर लांब जाते. तिथे एका पूर्णाची वाटणी नाही, महिन्यामहिन्याची तुलना आहे. ह्याच बाईंनी पुढे हिंदुस्थानातील सैन्याच्या आरोग्याची चौकशी करणाऱ्या रॉयल कमिशनसाठीही अपार कष्ट घेतले. त्याचा अहवाल १८६३ साली आला.

ह्यानंतरचा शंभर वर्षांचा काळ वर्तुळाने शाळांत आणि कचेऱ्यांत काढला. तुमच्यापैकी अनेकांना तो तास आठवत असेल. शेकडा एक म्हणजे ३ अंश ३६ कला. कोनमापक घसरतो, शेवटची पाकळी कधी उरते, कधी पुरत नाही, आणि मग शेजाऱ्याच्या वहीकडे नजर जाते. आमच्या वाचनालयाच्या त्या चार बाबी घेऊन पाहा. एकूण १ लाख २० हजार. वेतनाचे १६२ अंश, पुस्तकांचे १०८, दिवाबत्तीचे ५४, नियतकालिकांचे ३६. बेरीज बरोबर ३६०. हाताने हे गणित करणारा विद्यार्थी पहिली ओळ लिहितो ती 'एकूण' ह्या शब्दाची, आणि मग तिने प्रत्येक आकड्याला भागतो. तिला वर्तुळाची पाकळी करणे त्याच्या स्वप्नातही येणार नाही.

मग यंत्र आले. १९७८ साली हार्वर्डच्या व्यापारविद्यालयात डॅन ब्रिकलिन नावाचा विद्यार्थी वर्गात बसला होता. प्राध्यापक फळ्यावर मोठा तक्ता मांडून हिशेब करीत होते. एक आकडा चुकला की त्यावर अवलंबून असलेले सगळे खाने पुसून पुन्हा लिहावे लागत. हा फळा आपोआप दुरुस्त झाला तर, असे त्याच्या मनात आले. बॉब फ्रँकस्टन ह्या मित्राच्या साह्याने त्याने १९७९ साली 'व्हिसिकॅल्क' ही आज्ञावली बाजारात आणली. रकाने, ओळी आणि त्यांच्या छेदावरचे खाने. एका खान्यातला आकडा बदलला की त्यावर विसंबलेले सर्व खाने बदलतात. स्प्रेडशीट म्हणतात ते हेच. त्यात आकृती काढण्याची सोय नव्हती. ती १९८३ साली 'लोटस १-२-३' ने आणली. मिच केपर आणि जोनाथन सॅक्स ह्यांच्या ह्या आज्ञावलीत तक्ता, आकृती आणि माहितीची नोंद अशी तीन कामे एकत्र होती, म्हणून नाव एक-दोन-तीन. तिच्या पाच प्रकारच्या आलेखांत पाय चार्टला जागा होती. १९८५ साली मॅकिंटॉश संगणकासाठी एक्सेल आले आणि १९८७ साली ते विंडोजवर चालू लागले. प्लेफेअरला ताम्रपट, कोरणारा आणि रंगारी लागला. आता आकडे टाइप करणाऱ्या कोणालाही ते घडीभरात साधू लागले. ह्यात मला वाईट काही दिसत नाही. गावच्या वाचनालयाचा हिशेब चित्रात मांडता येणे ही थोडी गोष्ट नव्हे.

करावयाचे ते इतके सोपे आहे की, घरी जाऊन नातवाच्या संगणकावर तुम्ही आजच करून पाहू शकता. पहिल्या रकान्यात बाबींची नावे लिहा, शेजारच्या रकान्यात रकमा. मोठी रक्कम वर आणि लहान खाली अशी ओळ लावा, कारण एक्सेल घड्याळातल्या बाराच्या जागेपासून सुरुवात करून काट्याच्या दिशेने त्याच क्रमाने पाकळ्या मांडते. माउसने दोन्ही रकाने निवडा. बेरजेची ओळ बाहेर ठेवा, हे मी अनुभवाने सांगतो! वरच्या पट्टीवर 'इन्सर्ट' दाबा, आलेखांच्या चित्रांतले वाटोळे चित्र निवडा आणि पहिलाच साधा सपाट प्रकार घ्या. आकृतीवर उजवी कळ दाबून 'ॲड डेटा लेबल्स' म्हटले की पाकळ्यांवर आकडे येतात. त्यांच्या जागी शेकडेवारीही मागता येते. मथळ्यावर टिचकी मारून तो आपल्या भाषेत लिहा. पैसे न देता मिळणाऱ्या लिबरऑफिसच्या 'कॅल्क' मध्येही रीत साधारण अशीच.

आता यंत्र काय करीत नाही ते पाहा. तुम्ही दिलेल्या आकड्यांची बेरीज करण्यात काही अर्थ आहे की नाही, हे ते विचारीत नाही. सोमवारपासून शनिवारपर्यंतचे तापमान दिले तरी त्याचेही ते सुबक वर्तुळ काढून देईल. मग आठवड्याच्या एकूण तापमानाचा सहावा हिस्सा मंगळवारला, असले काहीतरी आपण वाचत बसावे! एखाद्या खात्यात तूट असेल आणि आकडा उणे असेल, तर एक्सेल उण्याची खूण सोडून देते आणि तोट्याचीही पाकळी काढते. आणि चित्र उठावदार दिसावे म्हणून जो जाड, कललेल्या तबकडीसारखा प्रकार असतो, त्यात पुढची पाकळी कडेच्या जाडीसह दिसते म्हणून मोठी भासते आणि मागची आकसते. एका वर्तुळात पंधरा पाकळ्या आणि पंधरा रंग भरणारे महाभागही मी पाहिले आहेत. त्यांना मी काही म्हणत नाही.

शास्त्रज्ञांतही ह्या वर्तुळावरून जुना वाद आहे. १९१४ साली विलार्ड ब्रिंटनने त्याच्यावर टीका केली. १९२६ साली वॉल्टर ईल्सने विद्यार्थ्यांवर प्रयोग करून वर्तुळ पट्ट्यांपेक्षा कमी नाही असे दाखविले. मग १९८४ साली क्लीव्हलंड आणि मॅकगिल ह्यांनी प्रयोगांनी मांडले की, माणसाचा डोळा लांबी आणि जागा जितकी बिनचूक ओळखतो तितका कोन ओळखत नाही. एडवर्ड टफ्टी तर १९८३ साली म्हणालाच होता की, पाय चार्टपेक्षा साधा तक्ता बरा. माझे मत विचाराल तर, चार-पाच वाटे असतील आणि 'सगळ्यात ह्याचा भाग किती' एवढेच सांगावयाचे असेल, तर वर्तुळासारखे सोपे साधन नाही. डोळ्याच्या चुकीपेक्षा मला दुसऱ्या एका गोष्टीचे भय वाटते. यंत्राच्या वर्तुळाला आकार नाही. बारा हजारांचे वर्तुळ आणि बारा कोटींचे वर्तुळ पडद्यावर एकाच मापाचे येते. कागदावर जागा असेल तेवढे. प्लेफेअर आणि मिनार ह्यांनी जे मोठ्या कष्टाने सांभाळले होते ते ह्या सोयीत गळून पडले.

केंद्र सरकारच्या अर्थसंकल्पाबरोबर दरवर्षी दोन आकृत्या येतात. 'रुपया येतो कुठून' आणि 'रुपया जातो कुठे'. आपली जुनी सोळा आण्यांचीच भाषा, आता शंभर पैशांत. जुलै २०२४ मध्ये मांडलेल्या २०२४-२५ च्या अर्थसंकल्पात येणाऱ्या रुपयातले २७ पैसे कर्जे व इतर देण्यांचे होते, आणि जाणाऱ्या रुपयातले १९ पैसे व्याजाचे. म्हणजे 'येतो' ह्या शब्दात उसने आणलेलेही धरलेले आहे. कागदावर ते स्वच्छ लिहिलेले असते, लपवाछपवी काही नाही. पण वर्तमानपत्रात ती आकृती पाहून 'सरकारचे उत्पन्न' म्हणून पुढे जाणारे वाचक थोडे नसतील. शिवाय ह्या वर्षीचा रुपया गेल्या वर्षीच्या रुपयापेक्षा किती मोठा, हे ते वर्तुळ सांगत नाही. त्यासाठी आतल्या पानावरचा आकडा शोधावा लागतो.

त्या वाचनालयाच्या सभेची गोष्ट मी अर्धीच सांगितली. 'एकूण' ची ओळ गाळून मी पंधरा मिनिटांत नवी आकृती आणली. आता वेतनाची पाकळी दुप्पट होऊन ४५ टक्क्यांवर आली. सभेपुढचा विषय होता दोन सेवकांच्या वेतनवाढीचा. चुकीच्या आकृतीत वेतन शेकडा साडेबावीस दिसत होते, तेव्हा सभासद वाढीला अनुकूल होते. खरी आकृती पाहताच मागून आवाज उठला, "जवळजवळ निम्मा पैसा पगारावर जातो, आणि आणखी वाढ कसली?" पुस्तकांवर पगारापेक्षा कमी खर्च करणाऱ्याला वाचनालय कशाला म्हणावयाचे, असेही कोणी म्हणाले. मला वाटले, माझ्या अचूकपणाने त्या दोन माणसांचा घात केला.

त्या शिक्षिकाबाई पुन्हा उठल्या. फलकाजवळ गेल्या आणि मला विचारले, "हे वर्तुळ केवढ्याचे?" मी म्हणालो, "एक लाख वीस हजारांचे, वर्षाचे." त्यांनी खडू मागितला, वर्तुळाखाली ती रक्कम लिहिली, तिच्याखाली ५४,००० लिहून दोनांनी भागले, मग बारांनी भागले. उत्तर आले २,२५०. सकाळी दार उघडून रात्री कुलूप लावणाऱ्या माणसाचा महिन्याचा पगार. मागच्या बाजूने आणखी काही प्रश्न आला नाही. चिटणीसांनी वर्गणी वाढविण्याचा विषय पुकारला आणि सभा त्याकडे वळली.